तिवई

आमच्या बीडकडच्या गावांत मळणीयंत्रे येण्यापूर्वी खळ्यावर धान्य उपणताना गडी एका उंच तिवईवर उभा राहत असे. बाभळीचे तीन दांडे, वर दोन पावले मावतील एवढी फळी, आणि तिच्यावर उभा राहून वाऱ्याच्या धारेत सूप रिकामे करणारा माणूस, हे चित्र मी लहानपणी पाहिलेले आहे. खळे सारवलेले असले तरी जमीन काही आरशासारखी सपाट नसे. पण ती तिवई डुगडुगलेली मला आठवत नाही. घरात आजीच्या चुलीलाही दगड तीनच होते. पुढे मी शाळामास्तर झालो, मुलांना भूमिती शिकवू लागलो, तेव्हा कळले की एका रेषेत नसलेले कोणतेही तीन बिंदू एकाच प्रतलात असतात. म्हणून तीन पायांना जमीन नेहमी सापडते. चौथा पाय आला की भांडण सुरू होते. आजीला हे प्रमेय ठाऊक नव्हते. तिचे कालवणाचे भांडे मात्र कधी कलंडले नाही.

हे सारे आठवण्याचे कारण शेतीही नव्हे आणि स्वयंपाकही नव्हे. कारण आहे एक कॅमेरा, किंवा खरे सांगायचे तर त्या कॅमेऱ्याखालचे तीन पाय.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. मालक वृद्ध झाले होते, मुले शहरात गेली होती. त्यांनी सामान विकायला काढले. त्यात एक सागवानी फील्ड कॅमेरा होता. फुल प्लेटचा, म्हणजे साडेसहा इंच रुंद आणि साडेआठ इंच लांब काच बसेल एवढा. पितळी पट्ट्या, तांबड्या कातड्याचा भाता, मागे घासलेली काच, आणि त्या काचेवर उलटे दिसणारे जग. मी काळ्या फडक्याखाली डोके घातले आणि रस्त्यावरून पाय वर करून चाललेली एक म्हैस पाहिली. तेवढ्यावर माझा निकाल लागला. उसनवारी करून कॅमेरा घरी आणला. निघताना मी विचारले, "याचा स्टँड कुठं आहे?" म्हातारे म्हणाले, "स्टँड वाळवीनं खाल्ला, गुरुजी. पण स्टँडचं काय एवढं? कुठलाही चालेल."

"कुठलाही चालेल" हे दोन शब्द मला फार महागात पडले.

फिल्मची किंमत शिक्षकाच्या खिशाबाहेरची. म्हणून मी फोटो छापण्याचा कागदच कापून काचेच्या जागी बसवू लागलो. तो उजेडाला फार मंद असतो. पुढची आणि मागची ओळ दोन्ही स्पष्ट यायच्या तर भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते, आणि मग सावलीत तीनचार सेकंद डोळा उघडा ठेवावा लागतो. हे ठाऊक असूनही मी शहरातल्या एका दुकानातून चकचकीत अल्युमिनियमचा स्टँड आणला. दुर्बिणीसारखे एकात एक शिरणारे चार-चार तुकड्यांचे पाय, मधोमध वर सरकणारी दांडी, आणि वजन इतके कमी की करंगळीवर झेलावे. दुकानदार म्हणाला, "काहीही ठेवा याच्यावर." मी ठेवले.

दिवाळीच्या सुटीपूर्वी शाळेचा फोटो काढायचा हा आमचा रिवाज आहे, आणि त्याला कारण आहे. आमच्या गावचे बरेच लोक ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवराबायकोचा एकेक कोयता ट्रकमध्ये चढतो आणि मागोमाग मुलेही चढतात. काही मुले आजीपाशी राहतात, काही वसतिगृहात. काही मात्र जातातच. वर्गात सगळी मुले एकत्र दिसण्याचा तोच शेवटचा आठवडा असतो. पुढे पाडव्यानंतर कोण परत येईल आणि कोण नाही, हे हजेरीपटालाही ठाऊक नसते.

त्या दिवशी सदतीस मुले होती. मी म्हटले, "स्टॅच्यू!" हा खेळ त्यांच्या हातखंड्याचा, सगळी पुतळे झाली. मी भिंगावरची टोपी काढली, मनात तीन मोजले, टोपी लावली. त्या तीन सेकंदांत ओढ्याकडून वाऱ्याची एक झुळूक आली, एवढेच. रात्री स्वयंपाकघरात लाल दिव्याखाली कागद धुतला तेव्हा सदतीस मुलांची चौऱ्याहत्तर तोंडे दिसली. मुलांना गंमत वाटली. "गुरुजी, मला दोन नाकं!" म्हणून ती हसली. पण पहिल्या रांगेतल्या एका मुलीने, जी दुसऱ्याच दिवशी आईबापांबरोबर जाणार होती, तो कागद हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, "यात मी कोणती?" मी म्हटले, "पुढच्या वर्षी चांगला काढू." पुढच्या वर्षी ती आली नाही. तिचे नाव पटावरून कमी झाले. तिचा आमच्या शाळेतला एकच फोटो आहे आणि त्यात ती ओळखू येत नाही.

मुले हलली नव्हती. हलला होता स्टँड. ही चूक माझी होती, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून मी या तीन पायांची चौकशी करायला बसलो. छायाचित्रकलेचा इतिहास सांगणारे लोक भिंगाविषयी लिहितात, रसायनांविषयी लिहितात. पण ज्यावर हे सारे उभे होते त्या लाकडाविषयी क्वचितच लिहितात. मला जे सापडले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हरकत नाही असे आहे.

या कलेचा जन्म लोकांपुढे जाहीर झाला तो १८३९ साली, पॅरिसमध्ये. लुई दागेर या रंगभूमीच्या चित्रकाराने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र धरून ठेवण्याची कृती शोधली, आणि त्या वर्षीच्या १९ ऑगस्टला ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. त्याच्या आदल्या वर्षी त्याने आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचे चित्र घेतले होते. पॅरिसचा वर्दळीचा हमरस्ता. घोडागाड्या, पादचारी, फेरीवाले. पण चित्रात रस्ता ओस पडलेला दिसतो. चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत होती. जो जो हलला तो तो पुसला गेला. एका कोपऱ्यात मात्र एक माणूस उभा आहे. तो बूट पॉलिश करून घेत होता. एक पाय पेटीवर ठेवून थांबला म्हणून तो राहिला. छायाचित्रात सापडलेला हा बहुधा पहिला मनुष्यप्राणी. राजे, सेनापती, कवी यांच्या आधी हा मान एका अनोळखी इसमाला मिळाला, तो केवळ स्थिर राहिल्याबद्दल.

दागेरची पेटी खिडकीत किंवा टेबलावर ठेवायची वस्तू होती. सगळा सरंजाम मिळून एका हमालाचे ओझे होई. तो घेऊन डोंगरात किंवा रानात कोण जाणार? त्याच वर्षाच्या अखेरीस सेगिए नावाच्या एका फ्रेंच सरदाराने घडी होणारा, भात्याचा, हलका कॅमेरा आणि त्याबरोबर तीन पायांचा स्टँड करून दाखवला. भाता आणि तिवई ही जोडी तेव्हा जमली ती आजतागायत सुटलेली नाही. खिडकीत अडकलेला कॅमेरा त्या तीन पायांवर घराबाहेर पडला.

पुढची वीस वर्षे गमतीची आहेत. कॅमेऱ्याला स्टँड मिळाला, पण समोर बसणाऱ्या माणसाचे काय? त्यालाही स्टँड मिळाला. स्टुडिओत खुर्चीच्या मागे लोखंडी खांब असे, त्याला वर चिमटा. तो मानेमागून डोके घट्ट धरून ठेवी. जुन्या फोटोंतले आपले पूर्वज इतके करारी का दिसतात याचा उलगडा मला तेव्हा झाला. पुष्कळशा करारीपणाचे श्रेय त्या चिमट्याला द्यावे लागेल.

१८५१ साली इंग्लंडमधल्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची कृती प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, आणि ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवायची. थर वाळला की काच फुकट. म्हणजे फोटोग्राफरने जिथे जायचे तिथे आपली अंधारखोली घेऊन जायचे. शिवाय तेव्हा चित्र मोठे करून छापण्याची सोय जवळजवळ नव्हती. जेवढी काच तेवढे चित्र. बारा इंचांचे चित्र हवे तर बारा इंचांची काच, तिला पुरेल एवढा कॅमेरा, आणि त्याला पेलेल एवढी तिवई. मोठ्या कॅमेऱ्याचा आणि भक्कम स्टँडचा संसार सुरू झाला तो हौसेने नव्हे, गरजेने.

या संसाराचे ओझे वाहिले कोणी? आपल्याच देशातले उदाहरण घ्या. सॅम्युअल बोर्न हा इंग्लंडमधला बँकेतला कारकून १८६३ साली नोकरी सोडून हिंदुस्थानात आला आणि हिमालयात शिरला. पहिल्याच मोहिमेत त्याच्याबरोबर तीसेक हमाल होते. काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, तंबू, कॅमेरा आणि त्याचे पाय, सारे माणसांच्या पाठीवर. १८६६ च्या तिसऱ्या मोहिमेत तो मणिरंग खिंडीत, म्हणजे सुमारे १८,६०० फूट उंचीवर चढला आणि तिथेही त्याने चित्रे घेतली. इतक्या उंचावर घेतलेली चित्रे तोवर कोणी पाहिलेली नव्हती. आता कल्पना करा. बर्फ, बोचरा वारा, बोटे बधिर, काचेवरचा थर ओला आहे तोवर सारे उरकायचे, आणि भिंग काही सेकंद उघडे. त्या क्षणी त्या तीन पायांनी दगा दिला असता तर पुढची उतरण रिकाम्या हातांनी झाली असती.

बोर्नने आपल्या प्रवासाची हकीकत इंग्लंडमधल्या एका फोटोविषयक नियतकालिकात लिहिली. तीत हमाल ओझी टाकून पळून जातात अशी तक्रार आहे आणि त्यांना धाक कसा दाखवला हेही आहे. ते का पळत असतील हे त्याने फारसे विचारलेले दिसत नाही. चित्राखाली नाव बोर्नचे आहे. ज्याच्या खांद्यावरून ती तिवई खिंडीपर्यंत गेली त्याचे नाव मला कुठे सापडले नाही. आमच्या गावच्या कोयत्यांविषयीही असेच म्हणता येईल. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते.

आपल्या मुंबईनेही या कलेला उशीर केला नाही. १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः नाणावलेले छायाचित्रकार. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग उघडला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. दागेरची कृती जाहीर होऊन सोळा वर्षेही झाली नव्हती आणि आपली मुले शाळेत ती विद्या शिकत होती, हे वाचून माझ्यातल्या मास्तराला बरे वाटले.

पण माझ्या प्रश्नाचे उत्तर मला एका वेगळ्याच माणसाच्या चरित्रात सापडले. लाला दीनदयाळ हे नाव पुष्कळांच्या परिचयाचे असेल. हैदराबादच्या सहाव्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार होते आणि १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. देवळे, किल्ले, दरबार, शिकारी यांची त्यांची चित्रे अशी रेखीव आहेत की शिखरावरची मूर्तीन् मूर्ती मोजून घ्यावी. पण या गृहस्थांचे शिक्षण झाले ते रुरकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आणि पहिली नोकरी इंदूरला बांधकाम खात्यात, नकाशे आणि अंदाजपत्रके करण्याची. म्हणजे मोजणीच्या यंत्रांशी त्यांचा संबंध फोटोच्या आधीचा असणार. हे वाचताना माझ्या डोक्यात उजेड पडला. मोजणीवाले! एका जागी काटेकोर स्थिर उभे राहण्याची गरज फोटोग्राफरांच्या आधी त्यांना होती. कोनात केसाएवढा फरक पडला तर मैलभरावर शेताची हद्द सरकायची. फ्रान्समध्ये तर एमे लॉसेदा या लष्करी अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कॅमेरा आणि कोन मोजण्याची दुर्बीण यांचा संयोग करून फोटोंवरून नकाशे काढले. कॅमेरा आणि मोजणीची दुर्बीण ही भावंडे आहेत. एकाच तिवईवर वाढलेली.

मग मोठा कॅमेरा आणि तिवई यांची सद्दी संपली कशी? १८७१ साली डॉ. रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती सुचवली; ती सुधारत गेली आणि उजेडाला इतकी चपळ झाली की सेकंदाचे तुकडे पडू लागले. १८८८ साली ईस्टमनचा कोडॅक आला, १९२५ साली लायका बाजारात आला, आणि कॅमेरा हातात, मग खिशात गेला. आज तो प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. तिवई अडगळीत गेली.

तरी ज्यांना घाई नव्हती त्यांनी ती सोडली नाही. दादासाहेब फाळके यांचीच गोष्ट पाहा. १९१२ साली ते विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले आणि विल्यमसनचा चित्रपटाचा कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्याची खात्री पटवायची होती. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला, आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्र घेतले. मग पडद्यावर मिनिटाभरात दाण्याला कोंब फुटला, वेल झाला, वर चढला. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले आणि १९१३ च्या ३ मे रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्या महिनाभरात मुलांच्या घरात कोणाचा धक्का कॅमेऱ्याला लागला असता, तो बोटभर जरी सरकला असता, तर वेल पडद्यावर उड्या मारत वाढला असता. भारतीय चित्रपटाचा पाया कोणी घातला हे आपण जाणतो. तो पाया महिनाभर जागचा हलला नाही, हेही जाणून घ्यावे.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. अन्सेल ॲडम्स हा डोंगरदऱ्यांचा छायाचित्रकार १९४१ साली न्यू मेक्सिकोतून मोटारीने चालला होता. संध्याकाळ होत आली होती. एका खेड्यावर चंद्र उगवला होता आणि स्मशानातल्या क्रुसांवर शेवटचे ऊन होते. त्याने गाडी थांबवली, आठ बाय दहा इंचांचा कॅमेरा धावपळीत उभा केला, उजेड मोजायचे यंत्र सापडेना तेव्हा चंद्राचे तेज आठवून हिशोब केला आणि एक सेकंद भिंग उघडले. दुसरी फिल्म सज्ज करीपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. जगातल्या अतिप्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक असे ते चित्र त्या एका सेकंदाचे आहे. तिवई उभी करण्याचा हात बसलेला नसता तर तो सेकंद हुकला असता. ती थरथरली असती तर तो सेकंद फुकट गेला असता.

आता माझ्या तिवईकडे येतो. चांगले लाकडी स्टँड आजही मिळतात. जर्मनीत सॅक्सनीतल्या मुल्डा गावी बेर्लेबाख यांचा कारखाना १८९८ पासून ॲशच्या लाकडाचे करतो. अमेरिकेत रीस यांचे १९३० च्या दशकापासून नावाजलेले आहेत. पण त्यांच्या किमती ऐकून मी पुन्हा अल्युमिनियमकडे प्रेमाने पाहू लागलो होतो. तेवढ्यात दीनदयाळांनी दिलेली ती खूण आठवली. आमच्याकडे जमीन मोजायला पूर्वी भूमापकाबरोबर सागवानी पायांचा प्लेन टेबल येत असे. आता मोजणीला इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणि उपग्रहाचे रोव्हर आले; ते जुने स्टँड भंगारात जातात. पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी समया आणि तुटके पंखे यांच्या ढिगाखाली मला एक सापडला. प्रत्येक पाय दुहेरी पट्ट्यांचा, वर रुंद आणि खाली निमुळता, टोकाला लोखंडी अणी, माथा ताटलीएवढा. विक्रेत्याने लाकडाच्या वजनाचे पैसे घेतले. एसटीच्या टपावर तो गावी आला.

अडचण एकच होती, माथ्यातल्या खिळीची. माझ्या कॅमेऱ्याच्या बुडाला तीन सुती स्क्रू लागतो, म्हणजे तीन अष्टमांश इंच, इंचाला सोळा आटे. लहान कॅमेऱ्यांना दोन सुती लागतो, इंचाला वीस आट्यांचा. हे माप मुळात जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराचे. त्याने १८४१ साली सगळ्या स्क्रूंचे आटे एकसारखे असावेत अशी योजना मांडली. जग मीटरवर गेले, आपणही गेलो. पण कॅमेऱ्याची बूड आणि तिवईचा माथा अजून इंचातच बोलतात. आमच्या लेथवाल्याने "तीन सूत ना गुरुजी? अर्ध्या तासात देतो," म्हणून पितळेचा स्क्रू कातून दिला. त्याने व्हिटवर्थचे नाव ऐकलेले नव्हते. दीडशेहून अधिक वर्षे गेली तरी माप चुकले नाही.

स्टँड निवडू पाहणाऱ्या हौशी वाचकासाठी चार अनुभवाचे बोल सांगतो. पायाचे सांधे जितके कमी तितके बरे. प्रत्येक सांधा ही एक ढिलाई असते. मधली वर सरकणारी दांडी असेल तर ती खालीच ठेवावी. ती वर काढली की तीन पायांची तिवई एका पायाची होते. माथा रुंद असावा. लाकूड जड म्हणून नाक मुरडू नये. धातूच्या पोकळ नळीत थरथर घुमत राहते, लाकूड ती लवकर गिळून टाकते. एक पाय भिंगाच्या खाली पुढे यावा, म्हणजे मोठे भिंग पुढे झुकले तरी तोल जात नाही. उतारावर दोन पाय उताराच्या बाजूला. वारा असेल तर लांब ताणलेला भाता म्हणजे जहाजाचे शीडच. मध्ये दगडांची पिशवी टांगावी आणि झुळूक ओसरेपर्यंत थांबावे. फरशीवर अणी घसरतात, म्हणून पाय दोरीने एकमेकांना बांधावेत. आणि परीक्षा सोपी आहे. माथ्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवा, पायावर टिचकी मारा, आणि पाणी किती वेळात शांत होते ते पाहा. माझ्या चकचकीत स्टँडवर मी सावकाश दहा मोजेपर्यंत तरंग उठत राहिले. भंगारातल्या स्टँडवर "दोन" म्हणेपर्यंत पाणी गप्प झाले.

गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी पुन्हा फोटो काढला. आता एकतीस मुले होती. वारा होताच. मुलांनीच ओढ्यातले गोटे आणून पिशवीत भरले. एकाने विचारले, "गुरुजी, ही उपणायची तिवई आहे का?" मी म्हटले, "तशीच." मग "स्टॅच्यू!" झाले, तीन सेकंद झाले, टोपी लागली.

रात्री कागद धुतला. लाल उजेडात आधी शाळेची कौले उमटली, मग दाराची चौकट, मग एकेक चेहरा. उलट्या रंगांचा तो कागद वाळल्यावर दुसऱ्या कागदावर छापला. शर्टाची निघालेली गुंडी दिसते, रिबिनीची गाठ दिसते, कपाळावरची खोक दिसते. दुसऱ्या रांगेतला एक पोरगा मात्र धूसर आला आहे; त्याला शिंक आली होती. त्याच्या दोन्ही बाजूंची मुले लख्ख आहेत. मी तो धूसर चेहरा बराच वेळ पाहिला आणि मला समाधान वाटले. यंदा जे हलले ते मूल होते. तिवई हलली नव्हती.

प्रत्येक घरी एकेक प्रत दिली. जे जाणार होते त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भांड्यांच्या बोचक्यात ठेवली. आधीच्या वर्षीचा तो चौऱ्याहत्तर तोंडांचा कागदही मी जपून ठेवला आहे. पहिल्या रांगेत, डावीकडून तिसरी, ती मुलगी. मला आता जागा पाठ झाली आहे. ती कधी आलीच तर तिला दाखवता येईल, यात ती कोणती.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या गावातल्या निम्म्या घरांना कुलपे लागलेली असतील. यंदाचा फोटो त्याआधीच्या आठवड्यात काढायचा आहे. तिवई वर्गाच्या दारामागे उभी आहे आणि गोट्यांची पिशवी तिच्याखाली भरून ठेवली आहे.